पाचवे शील आणि घरातला माणूस

रविवारी विहारात त्रिसरण-पंचशील होते. पहिली चार शीले सगळे मोठ्याने म्हणतात. पाचवे आले की पुरुषांच्या बाजूचा आवाज खाली येतो. पुढे बसलेली लहान मुले मात्र तेही खणखणीत म्हणतात. त्याच वेळी मागे बसलेली एखादी भगिनी पदर सारखा करते आणि खाली बघते. आम्ही वीस-बावीस वर्षे विहाराच्या मंडळात काम करतो आहोत. हा खाली आलेला आवाज आम्ही इतकी वर्षे ऐकला, पण त्यावर बोलायचे कसे हे आम्हाला कळत नव्हते. जे बोललो, केले, त्यात बरेचसे चुकले. त्या चुकांसह हा विषय वाचकांपुढे ठेवतो.

२०१३ साली आमच्या मंडळाने ठराव केला. दारू पिऊन विहाराच्या आवारात येणाऱ्यास ५०१ रुपये दंड, आणि नाव फलकावर. ठराव मांडणाऱ्यांत आम्ही होतो. अक्षर बरे म्हणून फलक लिहिण्याचे कामही आमच्याकडेच होते. पहिले नाव लिहिले ते आमच्याच चाळीतल्या एका गृहस्थांचे. ते आमच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे, सफाई खात्यात कायम नोकरीला. त्यांना इथे दादा म्हणू. गटारात उतरणाऱ्या माणसाला वास मारण्यासाठी आधी एक घोट घ्यावा लागतो, हे आपल्यापैकी ज्यांच्या घरात हे काम झाले आहे त्यांना सांगायला नको. दादांचे तसेच झाले. आधी कामापुरती, मग कामावरून आल्यावर, मग सकाळी हात थरथरू नये म्हणून.

नाव चार दिवस फलकावर राहिले. दादांची दारू एक दिवसही थांबली नाही. वहिनींचे विहारात येणे मात्र थांबले. सहावीतला त्यांचा मुलगा रविवारच्या धम्मवर्गाला येईनासा झाला. आम्ही समोरून आलो की तो रस्ता ओलांडून पलीकडे जाई. दंड भरला तोही वहिनींनीच, धुण्याभांड्याच्या पैशातून. आम्ही पावती फाडून दिली.

पुढची चूक याहून मोठी. २०१५ च्या बुद्धपौर्णिमेला आम्ही चार कार्यकर्त्यांनी दादांना समजावले आणि बुद्धमूर्तीसमोर शपथ घ्यायला लावली. दादांनी ती मनापासून घेतली, रडत घेतली. मग सोडायचीच तर आजपासून, या हट्टाने त्यांना घरात बसवले आणि दाराशी आळीपाळीने पहारा ठेवला. पहिल्या दिवशी अंगाला कंप सुटला, घाम आला. आम्ही म्हणालो, जहर निघते आहे. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला वहिनींची किंकाळी आली. दादांना फीट आली होती, जीभ चावली गेली होती, तोंडातून रक्त येत होते. टॅक्सीत घालून दवाखान्यात नेले. तिसऱ्या दिवशी ते खाटेवर उठून भिंतीवरचे साप मारत होते. तिथे एकही साप नव्हता. तिथल्या तरुण डॉक्टरीण बाई आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुम्ही चांगल्या हेतूनं केलं असेल, पण आणखी थोडा उशीर झाला असता तर माणूस गेला असता."

आम्ही बी.कॉम. झालेलो, कार्यालयात दिवसभर कागद वाचणारे. पण ही गोष्ट कोणत्याही कागदात आमच्या डोळ्यांखालून गेली नव्हती. म्हणून ती आधी सांगतो.

दारू मेंदूला मंद करते. रोज, वर्षानुवर्षे, कोणी एका बाजूने दोर ओढत असेल तर मेंदू तोल राखण्यासाठी दुसऱ्या बाजूने जोर लावून उभा राहतो. दारू एकदम बंद केली की एका बाजूचा दोर सुटतो आणि दुसऱ्या बाजूचा जोर तसाच राहतो. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ, झोप न लागणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जणांना भास होतात, दिवस-रात्र कळेनासे होते, ताप चढतो, आणि उपचार नसतील तर मृत्यूही येतो. रोज भरपूर पिणाऱ्याची, सकाळी उठल्या उठल्या लागणाऱ्याची, आधी कधी फीट आलेल्याची दारू घरात कोंडून सोडवू नये. डॉक्टर गोळ्या देऊन चार-सहा दिवसांत मेंदूला हळूहळू खाली उतरवतात आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने देतात. अशा माणसाला घरी सलाईन लावण्यापूर्वी तो पिणारा आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. बी-१ न देता नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. नातेवाईक लाजेपोटी नेमके हेच लपवतात.

झोपेच्या गोळ्यांचेही तसेच. मुंबईत पोरे ज्याला 'बटन' म्हणतात, मालेगावकडे जिला 'कुत्ता गोळी' म्हणतात, तीही एकदम तोडली तर फीट येऊ शकते. गर्दचे वेगळे. गर्द थांबवली की नाक-डोळे गळतात, जांभया येतात, हाडे फुटल्यासारखी दुखतात, जुलाब लागतात. दुसरा-तिसरा दिवस सर्वांत वाईट, आठवडा-दहा दिवसांत शरीर बरेच सावरते. हाल फार होतात, पण धडधाकट माणूस सहसा त्याने मरत नाही. गर्दचा खरा धोका पुढे असतो. महिनाभर बंद ठेवल्यावर शरीराची सवय मोडलेली असते, आणि मुलगा केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटून आला की जुन्याच मापाने ओढतो. तेवढ्याने श्वास बंद पडतो. ज्या आईला वाटते की सुटला एकदाचा, तिने नेमके त्याच आठवड्यात अधिक जागे राहावे.

आणखी एक धोका लोकलच्या डब्यात चिकटवलेला असतो. "नवऱ्याच्या नकळत दारू सोडवा." आमटीत घालायची पावडर. आमच्या ओळखीच्या तीन घरांत ती आणली गेली होती. अशा पुड्यांत काय असते ते बाई सांगू शकत नाही, विकणाराही सांगत नाही. डायसल्फिराम नावाची खरी गोळी डॉक्टर देतात, पण ती रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करून. ती पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब खाली येतो. हृदय कमजोर असेल तर प्राणावर बेतते. ज्याला माहीतच नाही तो पिणारच. माता-भगिनींनी ही पुडी आमटीत घालू नये, एवढे हात जोडून सांगतो.

शील मोडले की आजार झाला?

त्या प्रसंगानंतर आम्ही दादांबरोबर मनोविकार विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात जाऊ लागलो. तिथे बाकावर बसून जे ऐकले त्याने आमचे बरेच जुने समज मोडले.

आम्हाला वाटे, व्यसन म्हणजे इच्छाशक्तीची कमतरता. मनात आणले तर माणूस सोडतो. डॉक्टर म्हणाले, पहिला पेला इच्छेने घेतला हे खरे, पण शंभरावा कोण घेतो? मेंदूत एक जागा आहे, ती भूक, माया, यश यांतून मिळणाऱ्या सुखाची नोंद ठेवते आणि "हे पुन्हा कर" असे सांगते. नशा तीच जागा पकडते आणि नोंद खोटी करते. हळूहळू भाकरी, मुलाचे हसणे, पगाराचा दिवस यांची नोंद फिकी होते आणि एकच गोष्ट ठळक राहते. तोवर विचार करून थांबवणारा मेंदूचा भागही दुबळा झालेला असतो. सगळेच पिणारे इथवर येत नाहीत. कोण येईल यात जवळपास निम्मा वाटा अनुवंशाचा असतो, बाकी वाटा वय, दुःख, संगत आणि नशा किती सहज मिळते याचा. म्हणून ज्यांच्या घरात बाप, चुलता, मामा व्यसनात गेले, त्या मुलांनी "एकाने काय होते" हा प्रयोग करूच नये.

अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने दारूचे व्यसन असलेल्याला रुग्ण मानून रुग्णालयात घ्यावे असे जाहीर केले ते १९५६ साली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला आपण धम्मात आलो, आणि बावीस प्रतिज्ञांतली सतरावी प्रतिज्ञा दारू न पिण्याची घेतली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण आमच्या मनात त्या पुष्कळ दिवस भांडत राहिल्या. आजार आहे म्हटले तर शीलाचे काय? शील मोडले म्हटले तर औषध कशाला?

हे भांडण एका भन्तेजींनी मिटवले. ते म्हणाले, पंचशीलातल्या प्रत्येक वाक्यात एक शब्द आहे, सिक्खापद. शिक्षापद, म्हणजे शिकण्याचा नियम. वरून आलेली ही आज्ञा नाही, मोडली म्हणून नरकात टाकणारा कोणी बसलेला नाही. आपण ते स्वतः होऊन घेतो आणि दर आठवड्याला पुन्हा घेतो. एकदा घेऊन काम संपत असते तर रोज कशाला म्हणायला लागले असते? पडलेल्या माणसाने ते पुन्हा घ्यावे, हे त्या शब्दातच आहे. आम्ही घरी येऊन फलकाचा विचार केला. दंडाचा ठराव पुढच्या सभेत मागे घेतला. दोन ज्येष्ठ सभासद रागावले, एकांनी तर राजीनामा दिला, पुढे तो परत घेतला.

दारूबंदीची बाई-माणसांची लढाई वेगळी आणि ती लढलीच पाहिजे. आडव्या बाटलीच्या मतदानासाठी ज्या भगिनी उन्हात रांगेत उभ्या राहिल्या त्यांना आम्ही सलाम करतो. २०१५ च्या जून महिन्यात मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, ती सगळी हातावर पोट असणारी होती. पण दुकान बंद झाले म्हणून घरातला रुग्ण बरा होत नाही. तो दूरच्या दुकानात जातो.

आमच्या वडिलांच्या पिढीने हे पाहिले आहे. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला आणि अडीच लाख कामगारांच्या चुली थंडावल्या. त्याच वर्षांत मुंबईत गर्द उतरली. शाळा सुटलेली, काम नसलेली पोरे नाक्यावर होतीच. आज नाक्यावर एमडी मिळते. ही मेफेड्रोनची पावडर २०१५ साली अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आली, तरी २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या कारखान्यातून ती शेकडो किलो पकडली. एमडी घेणारा मुलगा आधी अभ्यासाला जागतो, उत्साहात असतो, आईला वाटते सुधारला. मग जेवण तुटते, दोन-दोन रात्री झोप नाही, दात चावणे, संशय, घरातला मोबाईल गायब. त्याला वास येत नाही, डोळे तांबडे असतातच असे नाही. दारूच्या खुणा शोधणाऱ्या घराला ते उशिरा कळते.

घराने काय करावे, काय करू नये

वहिनी एकदा म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांना सोडवायला मी काय नाही केलं ते सांगा." आम्ही म्हणालो, लिहून काढू. त्यांनी सांगत जावे, आम्ही वहीत मांडत जावे. कामावर "ताप आहे" असा निरोप. अड्ड्यावरची उधारी फेडणे. सोसायटीचे कर्ज, त्याला त्यांच्याच भावाची सही. बाटली शोधून मोरीत ओतणे. मुलांची शपथ. सासूला न सांगणे. उलटी पुसणे. रोजचे दोनशे धरले तरी वर्षाला त्र्याहत्तर हजार होतात, हा हिशेब आम्ही मोठ्या ऐटीने खाली मांडला. वहिनींना तो आधीच तोंडपाठ होता. हिशेब दाखवून कोणी दारू सोडत नाही, हे वाणिज्य शाखेच्या पदवीधराला जरा उशिरा समजले.

पण त्या यादीतून एक गोष्ट उघड झाली. दादांच्या पिण्याचे जे चटके दादांना बसायला हवे होते, ते सगळे वहिनी आपल्या हातावर घेत होत्या. मायेपोटीच घेत होत्या. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना सांगितले होते की नवरा किंवा मुलगा पिऊन आला तर त्याला जेवायला वाढू नका. आम्ही हे भाषणांतून कितीदा सांगितले असेल, पण त्यातला अर्थ त्या दिवशी वही समोर ठेवून कळला. माणसाला टाका असे ते म्हणत नव्हते. त्याच्या पिण्याला घरातून हात लावू नका, असे म्हणत होते.

वहिनींनी मग तीन गोष्टी बंद केल्या. उधारी, खोटा निरोप आणि नवे कर्ज. एकदम सगळे जमले नाही. पहिल्यांदा निरोप दिला नाही तेव्हा दादांना नोटीस आली आणि सासूबाईंनी वहिनींशी पंधरा दिवस अबोला धरला. पण त्या नोटिशीमुळेच दादा स्वतःहून म्हणाले की दवाखान्यात नाव घाला.

बोलायचे कधी, यालाही महत्त्व आहे. प्यायलेल्या माणसाशी वाद घालणे म्हणजे बाटलीशी वाद घालणे. सकाळी, तोंड धुतल्यावर, मुले शाळेत गेल्यावर बोलावे. "तुम्ही असेच आहात" असे न म्हणता घडलेली एकच गोष्ट सांगावी. "काल रात्री तुम्ही दारात पडलात, पोरगा रात्रभर झोपला नाही, मला भीती वाटली." आणि लगेच पुढचे, "उद्या सकाळी नऊला केस पेपर काढायला जाऊ, मी रजा टाकली आहे." तयार असलेल्या माणसाला महिनाभर थांबायला लावू नये. ती तयारी कधी कधी एकाच सकाळची असते.

जिथे मार आहे तिथे आधी जीव. बाईने मुलांना घेऊन बाहेर पडावे, ११२ वर फोन करावा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा अशाच घरांसाठी आहे. "आजारी आहे बिचारा" म्हणून हात उगारू देणे याला करुणा म्हणत नाहीत. आजार सगळ्या गोष्टींचे कारण असेल, पण मार खाणे हा कोणत्याही आजारावरचा उपचार नाही. आणि मुलाला बाटली आणायला पाठवणे आजच्या आज बंद करावे.

पोलिसांची भीती घालून दवाखाना टाळणाऱ्या आयाही भेटतात. गर्द किंवा एमडी ओढणाऱ्या मुलाला सरकारी दवाखान्यात नेले म्हणजे त्याला अटक होते असे नाही. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यातच तरतूद आहे की स्वतः सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी पूर्ण उपचार घेत असेल तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. उपचार अर्धवट टाकले तर ती सवलत जाऊ शकते. गर्दवर तर जिभेखाली ठेवायच्या गोळीचे औषध आहे, काही सरकारी केंद्रांत ते मिळते. "एक नशा सोडून दुसरी" असे त्याला म्हणणारे आमच्याही मंडळात आहेत. मधुमेहाच्या गोळीला ते तसे म्हणत नाहीत.

केंद्र निवडताना आम्ही पुन्हा एकदा फसलो. चाळीतल्या एका बावीस वर्षांच्या मुलाला आम्ही जाहिरात बघून शहराबाहेरच्या एका खाजगी केंद्रात ठेवले. पैसे मंडळाच्या वर्गणीतून दिले. पहिले दोन महिने घरच्यांना भेटू देत नव्हते, शिस्तीचा भाग म्हणत. तिसऱ्या महिन्यात आईने हट्टाने भेट घेतली तेव्हा मुलाच्या घोट्यावर साखळीचे वळ होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीला बांधणे बंद केले आहे आणि व्यसनाचे रुग्णही त्या कायद्यात येतात. हे आम्हाला तेव्हा माहीत असते तर आम्ही नुसते मुलाला घेऊन परत आलो नसतो, तक्रारही केली असती. तो मुलगा आज आम्हाला जयभीम घालतो, पण केंद्र हा शब्द काढला की उठून जातो. त्याची आमच्यावरची उधारी अजून बाकी आहे.

म्हणून पैसे भरण्याआधी स्वतः जाऊन बघावे. डॉक्टर कोण, रोज येतात का, नोंदणीचा कागद कुठे, घरच्यांना कधी भेटता येते, घरच्यांसाठी वेगळी सभा आहे का, सुट्टीनंतर पाठपुरावा कसा. उत्तर देताना चिडणाऱ्या ठिकाणी ठेवू नये. पुण्याचे मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू केले, पु. ल. देशपांडे यांनी त्याला देणगी दिली होती. तिथे रुग्णांच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन काढले. पैसे नसतील तर सरकारी आणि महापालिका रुग्णालयांचा मनोविकार विभाग आहे. केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा मोफत क्रमांक १४४४६ आणि मनाच्या आजारांसाठी टेलिमानसचा १४४१६. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीत दारूचे अवलंबन असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलेतरी उपचार मिळाल्याचे दिसले. बाकीचे सदतीस आपापल्या चाळींत, दारे लावून आहेत.

परत आलेला माणूस

दादा महिनाभर आत राहून आले आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो. दीड वर्षाने, २०१७ च्या भाच्याच्या हळदीत, त्यांनी पुन्हा घेतली. आमच्या लोकांचे लगेच सुरू झाले, बघा, कुत्र्याचे शेपूट. वहिनीही खचल्या. मनोविकार विभागातल्या समुपदेशक ताई शांतपणे म्हणाल्या, दीड वर्ष राहिले ना? ते दीड वर्ष कुठे गेले नाही. कशाने पडले ते शोधा. शोधले तेव्हा कळले की दादांनी महिनाभर आधीच सभेला जाणे सोडले होते, झोप उडाली होती, आणि हळदीत "आज तरी घे" म्हणणारे आपलेच सहा जण होते. त्यातले दोघे मंडळाचे सभासद.

सभा म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची. ही १९३५ साली अमेरिकेतल्या एका दलालाने आणि एका डॉक्टरने सुरू केली, दोघेही स्वतः अट्टल पिणारे. फी नाही, आडनाव विचारत नाहीत, जात तर नाहीच. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. मराठीतूनही सभा होतात. घरच्यांसाठी अल-अॅनॉन नावाची वेगळी सभा असते.

आपल्या लोकांची तिथे एक खरी अडचण होते आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्यांच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो. पहिल्या दिवशी प्रार्थना झाली तशी दादा बाहेर आले. "मी बावीस प्रतिज्ञा घेतल्यात, मी देवाला शरण जाणार नाही." आम्हालाही ते पटले. पण तिथल्या एका जुन्या सभासदांनी दादांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितले की ज्याला जसा कळेल तसा तो शब्द घ्यायचा, इथे न मानणारेही पुष्कळ आहेत, या खोलीतले बाराजण तुझ्याहून मोठी ताकद आहेत की नाही? दादा म्हणाले, "तेवढं मान्य आहे. मी संघाला शरण जातो, ते चालेल का?" ते चालले. कल्याणमित्र हा शब्द आम्ही प्रवचनांतून खूप ऐकला होता, तो आम्हाला या खोलीत दिसला. रात्री अकराला तल्लफ आली की ज्याला फोन करता येतो आणि जो उचलतो, तो.

विपश्यनेला पाठवू का, असे बरेच जण विचारतात. नशा शरीरातून निघून, डॉक्टरांशी बोलून मगच. दहा दिवसांचे शिबिर म्हणजे व्यसन उतरवण्याचा दवाखाना नव्हे.

अंगुलिमालाची गोष्ट आपण मुलांना सांगतो तेव्हा बुद्धासमोर त्याने शस्त्र टाकले तिथे थांबतो. खरी गोष्ट पुढे आहे. भिक्खू झाल्यावर तो श्रावस्तीत भिक्षेला गेला तेव्हा त्याच्यावर दगड आणि काठ्या पडल्या. पात्र फुटलेले, चीवर फाटलेले, डोक्यातून रक्त वाहणारे, असा तो परत आला. तथागतांनी त्याला सहन करायला सांगितले. पण दगड मारणारे कोण होते? तेही आपल्यासारखेच, ज्यांचे नुकसान झाले होते असे लोक. वहिनींच्या मनातही असे दगड आहेत. घरात विश्वास परत यायला वेळ लागतो आणि सोडणाऱ्याने तो लगेच मागू नये. सोडणाऱ्याची चिडचिड, झोप नसणे, सगळे बेचव वाटणे हे पहिले काही महिने असतेच. घराने ते "पीतच होते ते बरे" असे म्हणून मोजू नये. खिसे तपासणे मात्र हळूहळू थांबवावे.

२०२१ च्या ऑक्टोबरपासून दादा प्यायलेले नाहीत. मंडळाने जयंतीच्या मिरवणुकीत दारू पिऊन नाचणाऱ्यास मंडळाचा टी-शर्ट द्यायचा नाही असे ठरवले, ते साधारण निम्मे पाळले जाते. विहाराच्या मागच्या खोलीत शनिवारी संध्याकाळी सहाला चार-पाच घरच्या बायका बसतात, चहा त्याच करतात. तिथे पुरुषांनी जायचे नाही, आम्हीही जात नाही. दादांचा मुलगा आता आयटीआय करून नोकरीला लागला आहे. तो आमच्याशी बोलतो. फलकाबद्दल मात्र आम्ही त्याची माफी मागितली तेव्हा तो नुसता "ठीक आहे काका" म्हणाला.

मागच्या महिन्यात दादांनी वहिनींकडे पगाराचे एटीएम कार्ड परत मागितले. चार वर्षे झाली, आता तरी द्या म्हणाले. वहिनी आमच्याकडे आल्या, काय करू भाऊजी. आम्ही म्हणालो, शनिवारी बायकांना विचारा. त्यांनी विचारले. दोघी म्हणाल्या द्या, दोघी म्हणाल्या नको, एक काहीच बोलली नाही. कार्ड अजून वहिनींकडेच आहे.